आखडलेला खांदा आणि सुईची वेळ

नऊवारीचा कासोटा मागे खोचणे, ब्लाउजचा हूक लावणे, वेणी घालणे, पँटच्या मागच्या खिशातून पाकीट काढणे, लोकलमध्ये वरची कडी धरणे, फडताळातल्या वरच्या फळीवरचा डबा काढणे. या साऱ्या कामांत एक गोष्ट समान आहे. ही कामे आपण 'करतो' असे आपल्याला एरवी वाटतही नाही. चाळिशी ते साठीच्या दरम्यान एखाद्या दिवशी खांदा दुखू लागतो, काही आठवड्यांत हात मागे जाईनासा होतो, आणि मग रोजच्या जगण्यात खांद्याचा वाटा किती मोठा होता हे कळते. दिवसापेक्षा रात्र अधिक वाईट जाते. त्या कुशीवर वळले की जाग येते. न वळताही येते. महिनोन्‌महिने सलग झोप नसलेला माणूस घरच्यांना चिडचिडा वाटतो. तपासण्या सगळ्या नीट आलेल्या असतात, एक्स-रेमध्ये काही दिसत नाही, आणि 'तसे काही झालेले नाही' असे ऐकावे लागते.

या दुखण्याला डॉक्टर 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. त्यावरच्या इंजेक्शनांविषयी आपल्याकडे दोन टोकांची मते आहेत. एक म्हणजे, स्टिरॉइडचे इंजेक्शन अजिबात घेऊ नये, हाडे झिजतात. दुसरे म्हणजे, एक सुई घेतली की खांदा मोकळा. दोन्ही मते चुकीची आहेत. सुई काय करू शकते आणि काय नाही हे समजून घ्यायचे, तर आधी खांद्याच्या आत काय घडते ते पाहावे लागेल. त्याआधी थोडे नावाविषयी, कारण या आजारात नावानेही बराच घोटाळा केला आहे.

नावांची गोष्ट

फ्रेंच शल्यविशारद सिमॉन-एमान्युएल ड्युप्ले याने 1872 साली दुखऱ्या, ताठर खांद्याचे वर्णन केले आणि सांध्याभोवतीच्या भागांचा दाह असे त्याचे निदान केले. 'फ्रोझन शोल्डर' हे नाव मात्र बॉस्टनच्या अर्नेस्ट एमरी कॉडमनचे. 1934 साली त्याने खांद्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. हा आजार व्याख्येत बसवायला, उपचार करायला आणि समजावून सांगायला तिन्ही बाबतींत अवघड आहे, अशी प्रांजळ कबुली त्याने त्यात दिली होती. पुण्या-कोल्हापुरातले फिजिओथेरपिस्ट आज रुग्णाला वाकून, हात सैल सोडून घड्याळाच्या लंबकासारखा झुलवायला सांगतात, तो व्यायाम कॉडमनच्याच नावाने ओळखला जातो. पुढे 1945 मध्ये ज्युलियस नेव्हिएसर या अमेरिकी शल्यविशारदाने शस्त्रक्रियेच्या वेळी सांध्याची पिशवी जाड होऊन हाडाला चिकटलेली पाहिली. त्वचेवर चिकटपट्टी बसावी तशी ती त्याला वाटली, म्हणून त्याने 'अॅडहेसिव्ह कॅप्सुलायटिस' हे नाव दिले.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या प्रकरणात 'अवबाहुक' नावाचा विकार येतो. खांद्याच्या ठिकाणी असलेला वायू तिथले बंध सुकवतो, शिरा आकुंचित करतो आणि हात निकामी करतो, असे ते वर्णन आहे. हाच तो आजार असे ठामपणे म्हणता येत नाही. तरी 'सुकणे' आणि 'आकुंचन' हे दोन शब्द लक्षात ठेवण्याजोगे आहेत. जपानमध्ये लोक या दुखण्याला 'गोजुकाता', म्हणजे पन्नाशीचा खांदा म्हणतात. आपण वयावरून चष्म्याला 'चाळिशी' म्हटले, त्यांनी खांद्याला पन्नाशी लावली.

यातले सर्वांत लोकप्रिय नाव कॉडमनचे, आणि सर्वांत फसवेही तेच. जे गोठते ते ऊन आले की वितळते, असा अर्थ त्या शब्दातच दडलेला आहे. मराठीत आपण 'खांदा आखडला' म्हणतो. आत जे घडते त्याच्या हा शब्द कितीतरी जवळचा आहे.

आत काय होते

खांद्याचा सांधा म्हणजे लिंबू-चमच्याच्या शर्यतीतला चमचा आणि लिंबू. दंडाच्या हाडाचे गोल डोके मोठे, आणि ते ज्यात बसते ती खोबण अगदी उथळ. म्हणूनच शरीरातल्या कुठल्याही सांध्यापेक्षा खांदा अधिक दिशांना फिरतो. हे लिंबू पडू नये म्हणून सांध्याभोवती एक मऊ, लवचीक पिशवी असते. तिला वैद्यकात कॅप्सूल म्हणतात. सदरा शिवताना हात वर करता यावा म्हणून शिंपी काखेत जास्तीचे कापड ठेवतो. तसेच या पिशवीलाही काखेच्या बाजूला एक सैल घडी असते. हात वर जातो तेव्हा ती घडी उलगडते.

आजाराच्या सुरुवातीला या पिशवीच्या आतल्या अस्तराला दाह होतो. तिथे नव्या रक्तवाहिन्या फुटतात, नव्या मज्जातंतूंचे धागेही आढळतात. म्हणून या काळात वेदना फार. त्यानंतर पिशवीच्या भिंतीत कोलॅजनचे दाट धागे विणले जाऊ लागतात. जखम भरताना व्रण जसा ओढला जाऊन आकसतो, तशी ही पिशवी आकसते. काखेतली घडी नाहीशी होते. 1995 साली एक्सेटरचे शल्यविशारद टिम बंकर आणि विकृतिशास्त्रज्ञ अँथनी यांनी या ऊतींचे नमुने सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्यांत मायोफायब्रोब्लास्ट या पेशींची गर्दी होती. या पेशी कोलॅजन तयार करतात आणि त्याला आवळतातही. तळहाताची त्वचा आणि बोटे आत ओढणाऱ्या 'ड्युपुइट्रां' नावाच्या विकारातही हेच चित्र दिसते, हे त्यांनी दाखवून दिले.

निरोगी खांद्याच्या पिशवीत साधारण 15 ते 30 मिलिलिटर द्रव मावतो. आखडलेल्या खांद्यात ही जागा अनेकदा 10 मिलिलिटरच्याही खाली येते. म्हणूनच या आजाराची खूण अशी की हात रुग्णाला उचलता येत नाही आणि दुसऱ्यानेही उचलता येत नाही. स्नायूचा दोर तुटला असेल तर रुग्णाला हात उचलता येत नाही, पण डॉक्टरांनी उचलला तर तो वर जातो. इथे तसे होत नाही. कोपर कमरेला लावून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायला सांगितले की तो अडतो. बहुतेकांमध्ये ही बाहेरची फिरकी सर्वांत आधी जाते. एक्स-रे साधा येतो, पण तो काढायचा असतो, कारण सांध्याची झीज, निखळलेले हाड किंवा क्वचित हाडातली गाठ यांतही खांदा असाच ताठ होतो. डावा खांदा दुखत असेल आणि सोबत छातीत दाब, घाम, धाप असेल, तर तो प्रश्न खांद्याचा नसून हृदयाचा असू शकतो, हेही विसरू नये.

आजाराच्या तीन अवस्था मानतात: वेदनेची, ताठरपणाची आणि सुटण्याची. त्यांच्या सीमारेषा काटेकोर नसतात. पण आत दाह चालू आहे की व्रण बनून गेला आहे, हा फरक उपचाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. दाहावर औषध चालते. तयार झालेला व्रण औषधाने विरघळत नाही.

'आपोआप बरा होतो' हे किती खरे?

कॉडमनचे मत होते की कितीही लांबलेला आखडलेला खांदा उपचार करा वा न करा, सुमारे दोन वर्षांत बरा होतो. हे वाक्य पाठ्यपुस्तकांतून पिढ्यानपिढ्या फिरत राहिले. गंमत अशी की रुग्णालयाने प्रत्येक रुग्णाचा नंतर मागोवा घेऊन अखेर काय झाले ते नोंदवलेच पाहिजे, यासाठी आयुष्यभर भांडलेला डॉक्टर हाच. त्याच्या नावावर चाललेल्या या समजुतीचा दीर्घ मागोवा मात्र फार उशिरा घेतला गेला.

1975 साली रीव्ज या ब्रिटिश डॉक्टरांनी 41 रुग्णांचा पाच ते दहा वर्षांचा पाठपुरावा प्रसिद्ध केला. आजार सरासरी 30 महिने चालला. 16 जणांचा खांदा पूर्ण मोकळा झाला. 22 जणांच्या हालचालीत काही उणीव राहिली, पण कामाला अडचण नव्हती. तिघांना कामातही अडचण राहिली. 1992 साली अमेरिकेतल्या शॅफर आणि सहकाऱ्यांनी 62 रुग्णांना सरासरी सात वर्षांनी पुन्हा तपासले, तेव्हा निम्म्यांना थोडे दुखणे वा ताठरपणा होता. ऑक्सफर्डमधल्या 2008 च्या अभ्यासात सरासरी चार वर्षांहून अधिक काळानंतर 41 टक्के लोकांना काही ना काही तक्रार होती, मात्र त्यातल्या बहुतेकांची सौम्य.

या आकड्यांचा अर्थ असा की बहुतेक खांदे कामचलाऊ होतात. 'पूर्ण बरे' होण्याची हमी मात्र कोणी देऊ शकत नाही, आणि दोन-अडीच वर्षे हा काही वाट पाहत बसण्याचा किरकोळ काळ नव्हे. भांडी घासणाऱ्या, फळ्यावर लिहिणाऱ्या, रिक्षा चालवणाऱ्या माणसाला 'थांबा, वितळेल' असे सांगणे म्हणजे त्याच्या मजुरीचा आणि झोपेचा हिशेब न करता दिलेला सल्ला आहे.

स्टिरॉइड या शब्दाची भीती

सप्टेंबर 1948 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका तरुण स्त्रीला एडवर्ड केंडॉल यांनी वेगळे केलेले एक संप्रेरक टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. त्या द्रव्याला पुढे कॉर्टिसोन हे नाव मिळाले, आणि 1950 चे नोबेल पारितोषिक हेंच, केंडॉल आणि राइखश्टाइन यांना विभागून देण्यात आले. पण चमत्काराची किंमतही लवकरच दिसू लागली. रोज मोठ्या मात्रेत दिलेल्या स्टिरॉइडने चेहरा सुजतो, हाडे ठिसूळ होतात, साखर आणि रक्तदाब वाढतो, जंतुसंसर्ग बळावतो. आपल्याकडची भीती या खऱ्या अनुभवातून आली आहे. कुठल्याशा बिननावाच्या पुडीतून महिनोन्‌महिने स्टिरॉइड पोटात गेलेली माणसे महाराष्ट्रातल्या कुठल्याही गावात सापडतील.

फिलाडेल्फियाचे जोसेफ हॉलंडर यांनी 1951 साली दुसरी वाट दाखवली. औषध सबंध शरीराला देण्याऐवजी त्यांनी हायड्रोकॉर्टिसोन थेट दुखऱ्या सांध्यात दिले. खांद्यातले आजचे इंजेक्शन त्याच वाटेवरचे आहे. त्यासाठी बहुधा ट्रायअॅमसिनोलोन किंवा मिथाइलप्रेडनिसोलोन वापरतात. त्यांचे कण मुद्दाम कमी विरघळणारे बनवलेले असतात, त्यामुळे औषध सांध्यात रेंगाळते आणि काही आठवडे काम करते. सोबत बधिर करणारे लिग्नोकेन असते, म्हणून काही वेळा टेबलावरून उठतानाच बरे वाटते. तो परिणाम काही तासांत उतरतो. स्टिरॉइडचा खरा परिणाम त्यानंतर काही दिवसांत सुरू होतो. मधल्या एक-दोन दिवसांत दुखणे वाढलेही, तरी घाबरण्याचे कारण नसते.

मात्रेचा हिशेब केला की भीती जागेवर येते. ट्रायअॅमसिनोलोनचे 40 मिलिग्रॅम म्हणजे प्रेडनिसोलोनच्या गोळ्यांचे सुमारे 50 मिलिग्रॅम. एखादा रुग्ण रोज 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या घेत असेल, तर त्याच्या पोटात एवढे औषध अडीच दिवसांत जाते, आणि तो ते महिनोन्‌महिने घेत असतो. इथे तेवढे औषध एकदाच, तेही सांध्यात दिले जाते. रक्तात थोडे उतरते, नाही असे नाही. काहींचा चेहरा एक-दोन दिवस लाल होतो, काही स्त्रियांची पाळी त्या महिन्यात मागेपुढे होते, सुईच्या जागची त्वचा क्वचित फिकट पडते. सांध्यात जंतुसंसर्ग होणे फार विरळा, पण गंभीर. इंजेक्शननंतर ताप आला, खांदा लाल-गरम झाला, ठणका वाढतच गेला, तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

चाचण्या काय सांगतात

1998 साली नेदरलँड्समध्ये व्हॅन डर विंट आणि सहकाऱ्यांनी दुखऱ्या, ताठर खांद्याच्या 109 रुग्णांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट केले. एका गटाला सांध्यात स्टिरॉइडची इंजेक्शने, दुसऱ्याला फिजिओथेरपी. सात आठवड्यांनी इंजेक्शनच्या गटात 77 टक्के, तर फिजिओथेरपीच्या गटात 46 टक्के रुग्णांना चांगला उतार होता. सहा महिन्यांनी आणि वर्षाने पाहिले तेव्हा हा फरक बराच कमी झाला होता.

2003 साली कॅनडात सायमन कॅरेट आणि सहकाऱ्यांनी 93 रुग्णांचे चार गट केले: इंजेक्शन आणि फिजिओथेरपी, नुसते इंजेक्शन, मिठाच्या पाण्याची लटकी सुई आणि फिजिओथेरपी, नुसती लटकी सुई. क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत सुई सांध्यातच गेल्याची खात्री केली होती. सहा आठवड्यांनी स्टिरॉइड मिळालेले दोन्ही गट स्पष्टपणे पुढे होते. फिजिओथेरपीची जोड असलेल्यांची हालचाल आणखी लवकर सुधारली. वर्षअखेरीस चारही गट जवळपास एका पातळीवर आले. पुढे 2020 साली 65 अभ्यास आणि 4,000 हून अधिक रुग्ण एकत्र करून केलेल्या एका मोठ्या विश्लेषणाचाही सूर हाच निघाला: आजाराला वर्ष व्हायच्या आत असलेल्यांना सांध्यातले स्टिरॉइड लवकर आराम देते, आणि त्याला घरच्या व्यायामाची जोड द्यावी.

'वर्षाने फरक नाही' या वाक्याचा वापर कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. त्यावरून कोणी म्हणते, मग सुई टोचून घ्यायची कशाला? दोन वारकरी आळंदीहून निघाले, एक पायताण घालून, दुसरा अनवाणी. दोघे आषाढीला पंढरपुरात एकाच दिवशी पोहोचले. पोहोचण्याची तारीख तेवढी मोजली तर पायताणाचा उपयोग शून्य. दुसऱ्याच्या तळव्यांचे फोड त्या मोजणीत येत नाहीत. आखडलेल्या खांद्याच्या चाचण्यांत बाराव्या महिन्याचा आकडा हा असा पोहोचण्याचा आकडा आहे. मधल्या दोन-तीन महिन्यांतल्या झोपेच्या रात्री, चुकलेले खाडे, व्यायाम करता येण्याइतकी कमी झालेली वेदना, हे सारे सहाव्या आठवड्याच्या आकड्यात असते. इंजेक्शन आजाराचा शेवट फारसा बदलत नाही. त्याचा सर्वांत वाईट भाग ते सुसह्य करते. एवढ्यासाठी ते घ्यावे की नाही हा निर्णय रुग्णाचा. पण तो त्याने हा फरक समजून घ्यावा.

यातून वेळेचा मुद्दा निघतो. सुई काम करते दाहावर, म्हणून तिची वेळ वेदनेच्या अवस्थेत, रात्री झोप नसते तेव्हा. आपल्याकडे बहुधा उलटे होते. पहिले चार-सहा महिने शेक, तेल, मालीश आणि 'आपोआप जाईल' यांत जातात. भीती संपते तोवर वेदना ओसरू लागलेली असते आणि खांदा पुरता आखडलेला असतो. मग इंजेक्शन घेतले जाते, हात काही वर जात नाही, आणि 'इंजेक्शनचा उपयोग होत नाही' ही आणखी एक साक्ष गावात फिरू लागते.

कुठे, किती, किती वेळा

सुई खोबणीच्या मुख्य सांध्यात जायला हवी. खांद्याच्या छपराखालची मोकळी जागा वेगळी. आखडलेल्या खांद्यात औषध तिथे देण्यापेक्षा सांध्यात दिल्याने निदान सुरुवातीच्या आठवड्यांत वेदनेला अधिक उतार मिळतो. नुसत्या हाताच्या अंदाजाने दिलेली सुई नेहमी जागी पडतेच असे नाही. 1997 सालच्या एका आयरिश अभ्यासात मुख्य सांध्यात दिलेल्या 24 इंजेक्शनांपैकी 10 च अचूक जागी पडली होती. इतर अभ्यासांत अनुभवी हातांचे प्रमाण याहून बरेच चांगले आहे. सोनोग्राफीच्या पडद्यावर सुई पाहत इंजेक्शन देण्याची सोय आता मोठ्या शहरांत सहज मिळते. ती असेल तर घ्यावी. नसेल तर अनुभवी अस्थिरोगतज्ज्ञाच्या हातावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

मात्रेबाबत 20 आणि 40 मिलिग्रॅमची तुलना झाली, तेव्हा परिणामात म्हणण्यासारखा फरक आढळला नाही. ही गोष्ट मधुमेहींनी डॉक्टरांना जरूर विचारावी. एका इंजेक्शनने पुरेसा उतार पडला नाही तर काही आठवड्यांच्या अंतराने दुसरे, क्वचित तिसरे दिले जाते. त्यापुढे सुया टोचत राहण्याला फारसा आधार नाही. नजीकच्या काळात सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया ठरली असेल तर जंतुसंसर्गाच्या धोक्यामुळे इंजेक्शन टाळतात. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती स्वतःच्या मनाने बंद न करता आधी सांगावीत.

पाणी, मज्जातंतू आणि रक्त

स्टिरॉइडखेरीज आणखी काही द्रव्ये या सांध्यात टोचली जातात. त्यात सर्वांत जुनी कल्पना पाण्याची. स्वीडनच्या अँड्रेन आणि लुंडबर्ग यांनी 1965 साली आकसलेली पिशवी द्रवाच्या दाबाने फुगवून मोकळी करण्याची पद्धत मांडली. आज तिला हायड्रोडायलेटेशन म्हणतात. मिठाचे पाणी, बधिर करणारे औषध आणि स्टिरॉइड यांचे मिश्रण हळूहळू दाबाने आत सोडतात, कधी पिशवी फाटेपर्यंत. त्याने वेदना आणि हालचाल दोन्हींत काही महिने सुधारणा होते. मात्र हा परिणाम पाण्याचा किती आणि त्यातल्या स्टिरॉइडचा किती, हे पुरते वेगळे करता आलेले नाही. पहिल्या साध्या इंजेक्शनने भागले नाही आणि शस्त्रक्रिया टाळायची आहे, अशांसाठी ही मधली पायरी.

दुसरी सुई सांध्यात जातच नाही. खांद्याच्या सांध्याच्या संवेदनेचा मोठा भाग, सुमारे 70 टक्के, सुप्रास्कॅप्युलर नावाचा एक मज्जातंतू वाहून नेतो. पाठीच्या फऱ्याच्या वरच्या कडेशी त्याला बधिर केले की वेदनेचा निरोपच वर पोहोचत नाही. साखर फार वाढलेल्या ज्या रुग्णाला स्टिरॉइड द्यायचे नाही, त्याला हा पर्याय उपयोगी पडू शकतो, कारण तो नुसत्या बधिर करणाऱ्या औषधानेही करता येतो.

तिसरा प्रकार सध्या जाहिरातींत दिसणारा, पीआरपीचा. रुग्णाचेच रक्त काढून, यंत्रात फिरवून, त्यातला बिंबाणूंनी समृद्ध भाग खांद्यात टोचतात. काही छोट्या चाचण्यांत त्याचे निकाल स्टिरॉइडच्या तोडीचे, तर काहींत दीर्घकाळासाठी सरसही दिसले आहेत. पण ते तयार करण्याची पद्धत जागोजागी वेगळी, चाचण्या लहान आणि खर्च कितीतरी अधिक. हायलुरॉनिक आम्लाच्या, म्हणजे गुडघ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या 'वंगणाच्या' इंजेक्शनाने इतर उपचारांवर फारशी भर पडत नाही. या खांद्याचे दुखणे वंगण आटल्याचे नाही, पिशवी आकसल्याचे आहे, हे आठवले की यात नवल वाटत नाही.

साखरेचे नाते

मधुमेह असलेल्यांना हा विकार होण्याची शक्यता इतरांच्या सुमारे पाचपट असते, आणि खांदा आखडलेल्या रुग्णांत साधारण तीनात एकाला मधुमेह असतो. दीर्घकाळ वाढलेली साखर कोलॅजनच्या धाग्यांना चिकटून त्यांना कडक करते, हे त्याचे एक संभाव्य स्पष्टीकरण. थायरॉइडच्या विकारांशीही या खांद्याचे नाते आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी अभ्यासाने 2023 साली मधुमेहींची संख्या 10 कोटी 10 लाखांच्या घरात असल्याचा अंदाज दिला. यातल्या पुष्कळांना आपल्याला मधुमेह आहे हे ठाऊकही नसते. म्हणून पन्नाशीत कारणाशिवाय आखडलेल्या खांद्याने साखर तपासून घेण्याची आठवण करून द्यावी. कित्येकांच्या मधुमेहाचा पत्ता असा खांद्यावरून लागतो.

मधुमेहींसाठी सुईचा प्रश्न अधिक नाजूक. स्टिरॉइडनंतर काही दिवस, कधी आठवडाभर, साखर वाढलेली राहते. त्या काळात ती घरी रोज मोजणे, इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्रेविषयी आधीच डॉक्टरांशी बोलून ठेवणे, आणि साखर मुळातच ताब्याबाहेर असेल तर आधी ती आवरणे, एवढी काळजी घेतली तर मधुमेह असणे हे इंजेक्शन नाकारण्याचे कारण ठरत नाही. मात्र त्यांचा खांदा अधिक हट्टी असतो आणि सुईचा आराम लवकर ओसरू शकतो, ही कल्पना आधीच दिलेली बरी.

सुईनंतर

इंजेक्शनने वेदना उतरली की हात हलवायचा असतो. सुईचा अर्धा उपयोग यातच आहे. कॉडमनचा लंबक, भिंतीवर बोटे चढवणे, चक्रीवरची दोरी, काठी धरून हात बाहेर फिरवणे, टॉवेल पाठीमागे धरून वर-खाली ओढणे. हे सारे दिवसातून दोन-तीनदा, थोडे थोडे. पण जोर किती लावावा? 2004 साली नेदरलँड्सच्या डीर्क्स आणि स्टीव्हन्स यांनी 77 रुग्णांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. एका गटाला वेदना सोसून, ताणून जोरकस फिजिओथेरपी दिली. दुसऱ्याला आजार समजावून सांगितला आणि वेदनेच्या मर्यादेत राहून हात वापरायला सांगितले. दोन वर्षांनी खांदा जवळपास पूर्ववत झालेले रुग्ण जोरकस गटात 63 टक्के होते, सौम्य गटात 89 टक्के. दुखऱ्या अवस्थेत हात धरून खसकन वर ओढणारा मालीशवाला, किंवा 'रडलात तरी चालेल' म्हणणारा व्यायामशिक्षक, चिडलेल्या सांध्याला आणखी चिडवतो. ताणाचा जोर वाढवायचा तो वेदना ओसरल्यावर, ताठरपणाच्या अवस्थेत.

एवढे करूनही काही खांदे सुटत नाहीत. मग भूल देऊन हात फिरवून पिशवी मोकळी करणे, किंवा दुर्बिणीतून ती कापणे, हे मार्ग उरतात. त्यांची तुलना ब्रिटनमधल्या 35 रुग्णालयांत 503 रुग्णांवर झाली आणि 2020 साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाली. हे दोन मार्ग आणि इंजेक्शनसह शिस्तशीर फिजिओथेरपी, असे तीन गट होते. वर्षाअखेरीस रुग्णाला जाणवेल एवढ्या फरकाने कोणताच मार्ग सरस ठरला नाही. दुर्बिणीच्या गटात पुढच्या उपचाराची गरज कमी लागली, पण ज्या थोड्या गंभीर गुंतागुंती झाल्या त्यातल्या बहुतेक त्याच गटातल्या. म्हणजे सुई आणि व्यायाम ही शस्त्रक्रिया परवडत नाही म्हणून केलेली तडजोड नव्हे. बहुतेकांसाठी सुरुवात तिथूनच व्हावी.

हा आजार ज्यांना होतो त्या वयातल्या बायका घरातल्या सगळ्यांचे औषधपाणी पाहतात, आणि स्वतःचा हात मागे जात नाही हे सहा महिने कुणाला सांगत नाहीत. दिवाळीच्या कामांत ते नेमके लक्षात येते: माळ्यावरचा डबा दुसऱ्याला काढायला सांगितला जातो, अभ्यंगाच्या दिवशी पाठीला उटणे लावायला हात पोहोचत नाही. अशा वेळी 'वय झाले' म्हणून सोडून न देता तीन प्रश्न विचारावेत: दुखणे सुरू होऊन किती आठवडे झाले, रात्री झोप लागते का, आणि साखर तपासली आहे का? पहिल्याचे उत्तर थोडे आणि दुसऱ्याचे 'नाही' असेल, तर सुईविषयी डॉक्टरांशी बोलण्याची वेळ तीच.